पहिला ठसा धरायचा नाही

ठसा दुसरा : ५७

पडद्यावर सत्तावन्न आलं. सन्मती चौगुलेनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सत्तावन्नच.

ऐरणीवरचा तुकडा मुठीएवढा होता. मरगाई देवीच्या डोंगरावर जो रोपवे जातो, त्याचा प्रत्येक डबा वरच्या पोलादी दोराला एका पकडीनं धरून असतो. हा त्या पकडीचा जबडा. दरवर्षी नवरात्रात एका डब्याचा जबडा काढायचा, तिथं नवा बसवायचा आणि जुना शिरोलीच्या एमआयडीसीत मगदूमांच्या प्रयोगशाळेत पाठवायचा, असा रोपवेचा नियम होता. रोपवे होऊन सहा वर्षं झाली होती. आधीच्या पाचही वर्षी आकडा एकच आला होता. अडतीस.

रॉकवेलचं यंत्र तसं साधं. हिऱ्याचा बारीक शंकू दीडशे किलोच्या भारानं धातूत दाबायचा आणि तो किती खोल गेला ते मोजायचं. कमी खोल गेला की धातू कठीण, आकडा मोठा. कानस चौसष्टच्या आसपास येते. चांगली सुरी सत्तावन्न.

पकड सुरीसारखी नसावी. चिक्की कडक असते, म्हणूनच कटकन तुटते. मऊ गुळाचा खडा दाबला तर दबतो, पण एकसंध राहतो. जबड्याला दोन्ही हवं. दोरानं झिजू नये इतका कठीणपणा आणि हिसका बसला तर वाकावं, तुटू नये इतका चिवटपणा. अडतीस हा त्यातला मधला आकडा होता.

ठसा तिसरा : ५७
ठसा चौथा : ५७
ठसा पाचवा : ५७

तिनं यंत्र तपासलं. प्रमाणित ठोकळा लावला, तो बरोबर आला. हिरा शाबूत होता. मंगळवार, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं. डोंगरावर या वेळी पायऱ्यांपेक्षा रोपवेला जास्त रांग असणार, हे तिला घरबसल्याही माहीत असतं, कारण तिथला देखभालप्रमुख तिचा नवरा होता.


तक्ता

ठसा १ : —
ठसा २ : ५७
ठसा ३ : ५७
ठसा ४ : ५७
ठसा ५ : ५७
सरासरी : ५७
तपासणार : स. ध. चौगुले
मंजुरी :


मंजुरीसमोरची जागा बाबगोंडा मगदूम यांची. वय अठ्ठ्याहत्तर. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांच्या सहीशिवाय प्रयोगशाळेतून कागद बाहेर जात नसे.

तिनं आधी नवऱ्याला, धनपालला फोन लावला. मागं गर्दीचा आवाज होता, कुणीतरी भोंग्यावरून चपला हातात घ्या, आत ठेवू नका असं सांगत होतं. तिनं आकडा सांगितला. तो म्हणाला की एक जबडा वाईट निघाला तर निघाला, तो आता तुझ्या टेबलावर आहे, दोरावर नाही.

तिनं विचारलं, बाकीचे एक्केचाळीस कसे आहेत कुणाला माहीत?

तो म्हणाला की बाकीच्यांचेही दाखले तूच दिलेस. अडतीस अडतीस म्हणून. सगळे माझ्या कपाटात आहेत, खाली सही तुझीच.

"अहो, थांबवा," ती म्हणाली. "तासाभरापुरता तरी थांबवा."

"सन्मती, बायको म्हणाली म्हणून रोपवे थांबवला असं मी कंपनीला सांगू? मंगळवार आहे, खाली अडीच हजार माणूस उभं आहे. कागद पाठव. अण्णांच्या सहीचा. पकडीबद्दल लेखी शंका आली की लाल बटण दाबायचं, असं नियमात लिहिलंय. कागद आला त्या मिनिटाला दाबतो. वचन."

मग आवाज उतरवून म्हणाला की तूही जरा पाणी पी.


ठसा चौथा (पुन्हा मारला) : ५७

अण्णा त्यांच्या खोलीत रेडिओ लावून बसले होते. दोन्ही डोळ्यांवर पडदा आला होता, शस्त्रक्रिया ते दिवाळीनंतर, दिवाळीनंतर म्हणत तीन वर्षं पुढं ढकलत होते. सन्मती बावीस वर्षांची असताना त्यांनी तिला यंत्रावर बसवलं. पहिले पंधरा दिवस यंत्राला हात लावू दिला नव्हता. सोनं, चांदी, तांबं, पितळ, लोखंड, कानस असे तुकडे समोर टाकायचे आणि कोण कोणावर ओरखडा काढतं ते सांगायला लावायचे. नवी नवरी ती. स्वतःच्या बांगडीवर तांब्याची तार ओढून पाहिली आणि बांगडीवर रेघ उमटली. अण्णा म्हणाले होते, कळलं का, सासरचं सोनं सगळ्यात मऊ, जपून राहा. त्यानंतर तिनं चोवीस वर्षं दुसऱ्या कुठल्या कामाचा विचार केला नाही.

तिनं आकडा सांगितला. अण्णांनी रेडिओ बंद केला.

त्यांचं म्हणणं असं की भट्टीत एखादा घाणा चुकीचा निघतो. एखादा तुकडा पाण्यात जास्त वेळ राहतो. एका तुकड्यावरून सहा वर्षं चाललेला रोपवे नवरात्रात बंद करा असं लिहून द्यायचं, आणि उद्या बाकीचे जबडे अडतीस निघाले तर? ते मिश्रधातूबद्दलही बोलले. लोखंडात मँगनीज आणि आणखी चार गोष्टी घालून केलेला हा धातू. बाजारात नाव 'स्थिरा'. अकरा वर्षं झाली येऊन. झिजत नाही, गंजत नाही, बदलत नाही. त्याचे चार हजारांवर दाखले याच खोलीतून गेले होते.

"बदलत नाही म्हणून कुणी बघितलं, अण्णा?"

"तू बघितलंस. दर वेळी. दोन, तीन, चार, पाच. कधी फरक आला?"

"आणि एक?"

अण्णा हसले. "एक मरगाईचा."

हा त्यांचा जुना शिरस्ता. नवा तुकडा ऐरणीवर ठेवला की खाली धुळीचा कण, तेलाचा थर काहीतरी असतंच. पहिल्या दाबाला तुकडा बसतो, म्हणून पहिला आकडा खोटा येतो. तो धरायचा नाही, लिहायचाही नाही. जगभर तसंच करतात, पण शिरोलीत त्याला अण्णांनी नाव दिलं होतं. ताटातला पहिला घास बाजूला काढतात तसा पहिला ठसा मरगाईला. नवीन यंत्रं आली तेव्हा त्यांच्या आज्ञावलीत कंपनीनंच सोय करून दिली. पहिला आकडा पडद्यावर येण्याआधीच पुसला जाई. स्थिरा बनवणाऱ्यांच्या यंत्रांतही तीच सोय होती.

सन्मती उठली. आकडा पुसला होता, पण ठसा कुणी पुसला नव्हता.


ठसा पहिला

मागच्या गोदामात प्रत्येक दाखल्याबरोबरचा नमुना दहा वर्षं ठेवायचा नियम होता. सुपारीच्या डबीएवढे चौकोनी तुकडे, प्रत्येकावर पाच खळगे एका ओळीत. तिनं रोपवेच्या मूळ जबड्यांबरोबर आलेले सहा नमुने काढले आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवले. खळगा जितका रुंद तितका शंकू खोल गेलेला. रुंदीवरून आकडा काढता येतो. हे काम तिनं शिकाऊ असताना केलं होतं, नंतर यंत्रच करू लागलं.

पहिला नमुना. दुसरा ते पाचवा खळगा : एकसारखे, अडतीस. पहिला खळगा : केसाच्या जाडीहून जरा कमी इतका जास्त रुंद.

हिशेब : ३१.

धूळ असेल.

दुसरा नमुना. ३१.
तिसरा. ३१.
चौथा. ३१.

धूळ इतकी शिस्तीची नसते. कणामुळं आलेली चूक एकदा दोनची असते, एकदा पाचची, एकदा नसतेच. तिनं पाचवा आणि सहावा बघितला नाही.

कुठल्याही धातूच्या आत अणू रांगेत उभे असतात, थरावर थर. मँगनीजच्या पोलादाला घाव बसला की घावाखालचे थर सरकून वेगळ्या, जास्त घट्ट रचनेत बसतात आणि तेवढी जागा कठीण होते. रेल्वेचे सांधे याच गुणावर टिकतात. चाकं ठोकतात, सांधा कठीण होत जातो. पण कठीण होतो तो घावाच्या खाली, थोड्या जागेत. म्हणूनच दोन ठशांत ठशाच्या तिप्पट अंतर ठेवायचं असतं, पहिल्याची बाधा दुसऱ्याला होऊ नये म्हणून.

स्थिरात बाधा थांबत नव्हती. पहिल्या ठशाखाली सरकलेला थर शेजारच्याला सरकवत होता, तो पुढच्याला, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत अख्खा तुकडा एकतीसवरून अडतीसवर जाऊन बसत होता. तिथं तो थांबे, पुढच्या घावांना दाद देत नसे. म्हणून दोन, तीन, चार, पाच नेहमी सारखे. ही एक पायरी होती. सगळ्यांनी पायरीलाच जमीन समजलं. एकतीस कुणी लिहिलं असतं तर पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं असतं की एका दाबानं अख्खा तुकडा बदलतो, तर लाख दाबांनी काय होईल?

रोपवेचा डबा स्थानकात शिरताना पकड उघडते, डबा रुळावर येतो; निघताना पकड दोरावर खटकन मिटते. दिवसाला शहाऐंशी वेळा. सहा वर्षांत पावणेदोन लाखांच्या वर. पुढची पायरी कुठंतरी या वर्षात आली होती आणि ती सत्तावन्नची होती.

आणि मूळ जबड्यांच्या सगळ्या डब्यांनी सारख्याच फेऱ्या मारल्या होत्या.


ठसा पाचवा

अण्णांना सूक्ष्मदर्शकातून काही दिसलं नसतं. तिनं नमुना त्यांच्या हातात दिला आणि काय सापडलं ते सांगितलं. त्यांनी अंगठ्याचं नख पाच खळग्यांवरून फिरवलं. मग उलट दिशेनं. मग दुसरा नमुना मागितला, तिसरा मागितला. प्रत्येक वेळी नख पहिल्या खळग्यात जरा जास्त अडकत होतं.

सन्मतीला वाटलं, आता म्हणतील दिल्लीला पाठवू, मोठ्या प्रयोगशाळेचं मत घेऊ, आठ दिवस थांब. म्हटलंही त्यांनी. म्हणाले, आठ दिवसांनी लिहिलं तर काय बिघडतंय. मग स्वतःच मान हलवली.

"देवीच्या नावावर आपण मोजायचा कंटाळा केला, पोरी."

कागदावर सही कुठं करायची ते तिनं त्यांचं बोट धरून दाखवलं. अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी तिनं कागदाचा फोटो धनपालला पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच आल्या.

अण्णांनी रोपवेचा जबडा मागितला. ओतकामातल्या जुन्या माणसांना धातू वाजवून ऐकायची सवय असते. तुकड्यात भेग असेल तर नाद बसका येतो. त्यांनी कपाटातून एक किलोची हातोडी काढली, जबडा लोखंडी ठोकळ्यावर ठेवला आणि एक टोला दिला, फार जोराचा नव्हे.

नाद आला नाही. जबड्याचे दोन तुकडे झाले. एक टेबलाखाली गेला. तुटलेली कड बर्फासारखी चमकत होती. वाकल्याची खूण कुठंच नव्हती.

सन्मतीला आधी सुटल्यासारखं वाटलं, की आता कुणाला शंका राहणार नाही. मग तिला लाल बटण आठवलं.

लाल बटण दाबलं की ब्रेक मोठ्या चाकाला आवळतो. सेकंदाला पाच मीटर वेगानं चाललेला दोर तीन सेकंदांत उभा राहतो. डबे झोके खातात. दोरावरच्या प्रत्येक पकडीला एकाच वेळी हिसका बसतो. हातोडीच्या टोल्याहून मोठा.

तिनं फोन लावला. लागला नाही. दुसऱ्यांदा लावला. हा क्रमांक दुसऱ्या कॉलवर आहे. धनपाल नियमाप्रमाणे वरच्या स्थानकाला कळवत असणार. मग तो खोलीतून बाहेर येणार, सात पावलं चालणार, काचेचं झाकण उचलणार. ती खोली तिनं पाहिली होती. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. अण्णा विचारत होते काय झालं, ती पुन्हा क्रमांक दाबत होती.

पाचव्यांदा लागला.

"मिळाला कागद," तो म्हणाला. "झाकण उघडलंय."

"दाबू नका."

"काय?"

"बटण दाबू नका. हात काढा तिथनं."

"सकाळपासनं थांबवा थांबवा म्हणून जीव खाल्लास..."

"जबडा एका टोल्यात फुटला. आत्ता. अण्णांच्या हातानं. हिसका बसला तर सगळे फुटतील. अहो, ऐका. चढणं बंद करा. वेग हळूहळू उतरवा, चालीवर आणा. आलेला डबा आत घ्या, परत दोरावर सोडू नका. रुळावर पकड फुटली तर फुटू दे."

पलीकडं कुणीतरी त्याला नियमाचं पान दाखवत होतं. लेखी शंका, तात्काळ बंद. धनपालनं त्या माणसाला काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. मग झाकण बंद झाल्याचा आवाज आला.

"छत्तीस डबे दोरावर आहेत," तो म्हणाला. "पावणेतीनशे माणसं. चालीवर आणला तर पाऊण तास लागेल. तू फोन ठेवू नको."


दोर

बारा वाजून नऊ.

डबा चार, खाली, आत. डबा पंचवीस, वर, आत. वरच्या स्थानकाची माहिती धनपालला बिनतारीवर येत होती आणि तो ती फोनवर पुन्हा म्हणत होता. सन्मती कोऱ्या तक्त्यावर आकड्यांवर काट मारत होती.

पाच, आत. सव्वीस, आत.

सहा. सत्तावीस.

डब्यांतल्या लोकांना सांगितलं होतं की वीज कमी आहे, गाडी सावकाश चाललीय. सात नंबरमधल्या एका आजोबांनी उतरल्यावर पैसे परत मागितले. आठ, आत. अठ्ठावीस.

एकोणतीस आला तेव्हा धनपाल म्हणाला, हा तुझ्या नव्या जबड्याचा, ह्याची काळजी नव्हती. ती म्हणाली की नव्याचं पण एकतीसवरनं अडतीस झालंच आहे. तो म्हणाला, बरं बाई.

दहा. अकरा. तीस.

वारा सुटला. दोरावर मधोमध असलेले डबे हलू लागले. धनपालचा आवाज सपाट झाला, नुसते आकडे उरले. वेग आणखी उतरवायचा का, त्यानं विचारलं. कमी वेग म्हणजे वाऱ्यात जास्त वेळ. जास्त वेग म्हणजे जास्त ताण. याचं उत्तर कुठल्या पुस्तकात नव्हतं. ती म्हणाली, आहे तसाच ठेवा. अण्णा तिच्या समोर खुर्चीत हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते आणि प्रत्येक आकड्याला मान हलवत होते.

चौदा. पस्तीस. पंधरा. छत्तीस.

सोळा.

सोळानंतर दोन मिनिटं काही आलं नाही. मग फोनमध्ये एक खणखणीत आवाज झाला, आणि लोक ओरडले.

"अहो?"

"सतराची पकड," धनपाल म्हणाला. "आत आल्यावर फुटली. डबा रुळावर आहे. लेकुरवाळी बाई आहे आत, दोघं लेकरं आहेत. उतरतायत." त्याला धाप लागली होती. "माझ्या पायापाशी पडला तुकडा. गरम आहे."

अठरा. सदतीस. एकोणीस. अडतीस. शेवटी एकवीस आणि बेचाळीस.

बारा वाजून छप्पन्न मिनिटांनी दोर रिकामा झाला.

धनपाल म्हणाला, खाली दगडफेक व्हायच्या बेतात आहे, रांगेतली माणसं चिडलीत, मी बघतो. फोन बंद झाला.


ठसा

सन्मतीनं डोकं टेबलावर टेकलं. किती वेळ ते तिला कळलं नाही. उठली तेव्हा अण्णांनी कपाटातून दाखल्यांच्या नोंदवह्या काढून मांडीवर घेतल्या होत्या. एकेक उघडत होते, पानावर बोटं फिरवत होते, काही दिसत नव्हतं.

"सगळ्यात जास्त घाव कुठं बसतात तिथनं धर," ते म्हणाले. "मला वाचून दाखव. मी सांगतो कोण ते."

चार हजार तीनशे बारा दाखले. रेल्वेचे सांधे, बंदरातल्या साखळ्या, लिफ्टच्या चकत्या, खडी फोडणाऱ्या यंत्रांचे जबडे. प्रत्येकाखाली तिची सही आणि त्यावर त्यांची. पोलिसांत जावं लागेल, अण्णा म्हणाले, ते संध्याकाळी जाऊ. प्रयोगशाळेचा परवाना जाईल. त्यांनी हे असं सांगितलं की जणू छत गळतंय.

तिनं विचारलं की फोनवर सांगायचं काय, लोक आपल्यालाच वेड्यात काढतील.

"काढू देत. ऐकेपर्यंत बोलायचं."

पहिल्या वहीत तिसऱ्या पानावर एका साखर कारखान्याच्या उसाच्या क्रेनचा हुक होता. दिवसाला चारशे उचल, नऊ हंगाम. मधला काळ सोडला तरी लाखांच्या घरात. कारखान्याचा गळीत हंगाम अजून सुरू झाला नव्हता. सुरुवातीची चाचणी चालू असण्याचे दिवस. क्रमांक लागला. पलीकडं कुणी तरुण माणूस होता, यंत्रांच्या आवाजात मोठ्यानं बोलत होता.

तिनं नाव सांगितलं, शिरोली सांगितलं, मगदूमांची प्रयोगशाळा सांगितलं.

"हां, बोला की म्याडम."

"तुमच्या क्रेनच्या हुकाला आत्ता काही लटकलंय का?"

"आहे की," तो म्हणाला. "अख्खा रोलर आहे, बावीस टनाचा. का हो?"

"खाली कोण आहे?"